थेट मीटरपासून

सोलापूर,
३ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
सा. नमस्कार.

मानवजातीने आजवर पुष्कळ सोसलं आहे. दुष्काळ, पटकी, टोळधाड, आपल्या थोरल्या मावशीकडचं प्रत्येक लग्न. पण डाव्या स्पीकरमधून येणाऱ्या 'घूंऽऽ' या आवाजाबद्दल इतिहासात एक ओळ नाही. या पत्राद्वारे मी त्या अन्यायाचा निषेध नोंदवतो.

फोनवरच सांगितलं असतं. पण तुझ्या कानातलं यंत्र फोनजवळ गेलं की शीळ घालतं, म्हणून तू मोठ्याने लावून बोलतेस, आणि गिरणीवर दळणाला आलेलं अर्धं मोडनिंब माझं दुःख ऐकतं. पत्र बरं.

आमच्याकडे पाणी चौथ्या दिवशी येतं हे तुला ठाऊक आहे. कोणत्या वेळी, ते पाण्यालाही ठाऊक नसतं. आलं की आमच्या ओळीतल्या सगळ्या रो-हाऊसच्या मोटरी एकदम सुरू होतात, दिवे पिवळे पडतात, आणि नीला स्वयंपाकघरातून आरोळी देते, "पाणी आलंऽ, बंद करा सगळं." सगळं म्हणजे फ्रिज, पंखे, टीव्ही आणि माझ्या रेकॉर्डवरचा यमन. मोटरला ताकद मिळावी म्हणून यमनाने उपाशी राहायचं, असा या घरचा कायदा आहे. परवा गाणाऱ्या बाई अर्धा तास पायऱ्या चढून वरच्या षड्जाच्या दारात पोचल्या होत्या. आत पाऊल टाकणार तोच आरोळी. बाई अजून दारातच आहेत.

पाणी नसतं त्या दिवशी घूं असतो. आमचा एक ग्रुप आहे, देशभरातल्या माझ्यासारख्या पीडितांचा. त्यातल्या जाणत्यांचं एकमत झालं की दोष यंत्राचा नसून विजेचा आहे. घरातली वीज म्हणजे एसटी स्टँडवरचा पेला. फ्रिज, मिक्सर, मोटर, सगळे त्याला तोंड लावून जातात आणि ॲम्प्लिफायरच्या वाट्याला उष्टी वीज येते. उपाय एकच. थेट मीटरपासून गाण्याच्या खोलीपर्यंत वेगळी लाइन ओढायची, तिचं अर्थिंग वेगळं, आणि तिच्यावर दुसरं काही लावायचं नाही. मोबाइलसुद्धा नाही. इतकं सोवळं आपल्या आजीनेही पाळलं नसेल, पण म्हणतात सुरांवरचा पडदा उठतो.

आण्णा तसेच आहेत. खुब्याचं हाड जुळलं, पण पलंग सोडायला ते तयार नाहीत. उशाशी बेलचं बटण दिलं आहे. दाबलं की एक बेल स्वयंपाकघरात वाजते आणि एक माझ्या खोलीत, डाव्या स्पीकरमागच्या बोर्डावर. आण्णा ते बटण पेटीसारखं वाजवतात. जाते नीला. त्यांना तिचीच सवय झाली आहे. मी गेलो तर म्हणतात, "तू कशाला आलास? नीला कुटं हाय?" माणसाने अपमान करून घ्यायला तरी किती वेळा उठावं?

तुला तर माहीत आहे, आण्णांसाठी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोप समारंभात साहेबांनी मला श्रावणबाळ म्हटलं, शाल दिली. तेव्हापासून या चार भिंतींत आहे. कुठे जायचं तर आण्णा, कोणाला बोलवायचं तर आण्णा. दिवसातला गाण्याचा एक तास सोडला तर मी आणि पंखा यांच्यात फरक एवढाच की पंखा बंद करता येतो.

हो, नीलाचं एक नवीन निघालं आहे. तिच्या शिवणक्लासमधली जुनी मैत्रीण चिंचोळी एमआयडीसीतल्या एका युनिफॉर्मच्या कारखान्यात मोठ्या जागेवर आहे. शाळांचे गणवेश तपासायला तिला जाणती बाई हवी आहे, नऊ ते सहा. गणपतीपर्यंत सांग म्हणाली. नीलाने विचारलं, "जाऊ का?" मी म्हटलं, "बघू." आण्णांना टाकून ती तरी कशी जाणार? असो. मूळ विषय लाइनचा. तुझं मत कळव.

तुझा,
महेश्वर


मोडनिंब,
९ ऑगस्ट

चि. महेश्वर यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. गिरणीनं माझे कान खाल्ले आन् तू मला आवाजाबद्दल मत इचारतोस. बरं. आंधळ्याला रंग इचारतात तसं समज आन् ऐक.

आपल्या गिरणीला पहिल्यापास्नं वेगळी लाइन हाय. पीठ काय गोड लागत न्हाय. गिरणी सुरू झाली की घरातला बल्ब मिणमिण करत न्हाय, एवढा मातर गुण हाय. म्हंजे वेगळ्या लाइनीनं दुसऱ्याचा तरास वाचतो. तुझ्या बाई दारातनं आत जातील का, मला ठाव न्हाय. तुझ्या भावजींना वाचून दाखवलं. ते म्हणले, एवढा खर्च करण्यापरीस बाईंनाच घरी बोलवावं की.

तुझ्या पत्रात तीन पानं विजेची, अर्धं आण्णाचं, आन् नीलाच्या नोकरीला सहा वळी. तेवढ्यात "असो" पण बसवलास. मला सांग, "बघू" म्हंजे काय? आण्णांनी आईला जन्मभर बघू म्हणून सांगितलं. म्हायेरला जाऊ का, बघू. तुळजापूरला जाऊ का, बघू. आईनं शेवटाला काय बघितलं, तर स्वयंपाकघराची खिडकी.

आण्णासाठी तू घरी बसलास हे समद्या सोयऱ्यांत मी सांगितलंय. मग नीला कुणासाठी घरी बसलीय? तू घरी असताना ती बाहेर पडली तर अडतं कुटं, एवढंच लिव्ह. लाइनीचं मागनं लिव्ह.

पंख्याला बी कुणीतरी बटण दाबून सुरू करावं लागतं, ध्यानात ठेव.

तुझी,
अक्का


सोलापूर,
१७ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. नमस्कार.

लाइन झाली. हे पत्र तू बसून वाच.

पीरसाबचा पुतण्या अतीक, तोच आमचा वायरमन. पीरसाब म्हणजे आमच्या भिंतीला भिंत असलेले शेजारी, ट्रकवर असतात. अतीकने बोर्ड उघडून पाहिला आणि मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरसारखा गप्प झाला. मग म्हणाला, "काका, ही वायरिंग न्हाई, खिचडी आहे. सगळं एकमेकात."

"लाइन वेगळी केली तर साउंडमध्ये फरक पडेल का?"

"लई पडतो की. गेल्या साली आमच्या मंडळाच्या डीजेला शेपरेट करून दिली. पहिलं एक गल्ली ऐकायची, आता तीन ऐकतात."

मला एकाच खोलीत ऐकायचं आहे, तेही एकट्याला, असं मी त्याला समजावलं. त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि भिंत फोडायला घेतली.

मग अर्थिंग. अंगणात कमरेइतका खड्डा, तळाशी तांब्याची पट्टी, तिच्यावर मीठ आणि कोळसा थरावर थर. आण्णांच्या खिडकीतून हे सगळं दिसत होतं.

"काय करतोस रे?" आण्णा म्हणाले.

"खड्डा, आण्णा."

"ते दिसतंय. मीठ कशाला?"

"लागतं त्यात."

आण्णांनी खड्डा निरखून पाहिला. आपल्या लिंगायतांत माणूस गेलं की पुरतात, मीठही घालतात, त्यामुळे त्यांचा समज अगदीच वाऱ्यावर नव्हता. म्हणाले, "आडवा घालू नको. आपल्या रीतीनं बसवून पुर. हितं आडवा पडून पडून कंटाळा आलाय."

अतीक हसून खड्ड्यात बसला. मी हसलो नाही. नीला आतून आली, आण्णांना उशी देऊन बसतं केलं आणि परत आत गेली.

आता निकाल. भिंतीवरचा फालतू पसारा काढून टाकला, नवी लाइन जोडली, रेकॉर्ड लावली आणि डोळे मिटले. अक्का, घूं नाही. सुरांच्या मधली जागा ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखी काळी. तंबोऱ्याच्या चार तारा चार जागी. बाई वरच्या षड्जात गेल्या, ऐसपैस बसल्या, मनाला आलं तेव्हा उतरल्या. सबंध तासात कसलाही व्यत्यय नाही. या घरात इतकी शांतता आहे हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. ग्रुपवर लिहिलं तर नाशिकच्या एका गृहस्थांनी हात जोडल्याच्या सहा खुणा पाठवल्या.

आणि पाण्याचीही चिंता मिटली. लाइन वेगळी असल्याने मोटरचा आणि माझा संबंध संपला. नीला आरोळी देते, पण ती आता मला लागू नाही.

चिंचोळीचं म्हणशील, तर तिने पुन्हा विषय काढलेला नाही. म्हणजे तिच्याच मनात नसावं.

तुझा,
महेश्वर


मोडनिंब,
२२ ऑगस्ट

चि. महेश्वर यास आशीर्वाद.

आरोळी तुला लागू न्हाय, मग मोटर कोण लावतं? टाकी भरली का बघायला गच्चीवर कोण जातं? मी आपली इचारते.

तुझा निकाल वाचला. हितं गिरणीवर बायका पैजा लावतात की मालदांडी जवारीची भाकरी आपुन डोळे झाकून वळखू. एकदा आमच्या मायाक्कानं, म्हंजे माझ्या जावंनं, समद्यांना एकाच पिठाच्या दोन भाकऱ्या दिल्या. निम्म्याजणी म्हणल्या पयली मालदांडी, निम्म्या म्हणल्या दुसरी. दोघी तर भांडल्या. तवापास्नं मी चव सांगणाऱ्यावर इस्वास ठेवत न्हाय, आधी डोळे झाकायला लावते.

तू बी तसंच कर. भिंतीकडं तोंड करून बस. नीलाला सांग, कवा जुनी लाइन लाव, कवा नवी लाव. तू वळखून दाखव. वळखलंस तर मी सोलापूरला येऊन तुझ्या खड्ड्याला नारळ फोडते.

आन् तिनं विषय काढला न्हाय म्हंजे मनात न्हाय, असं कुटं असतं व्हय? मी गिरणीत बसून कितीक गोष्टीचा विषय काढला न्हाय. पाच दिसांवर गणपती आलेत. तू काढ की विषय.

तुझी,
अक्का


सोलापूर,
३० ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. नमस्कार.

नारळ आणायला लाग.

परीक्षा शास्त्रशुद्ध घेतली. अतीककडून पॅसेजमध्ये, खोलीच्या दाराबाहेर, एक खटका बसवून घेतला. खाली केला की जुनी लाइन, वर केला की नवी. मी आत भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, दार लोटलेलं. नीलाला बजावलं की तोंडातून शब्द काढायचा नाही, तुझ्या आवाजावरून मला अंदाज येईल. मनाला येईल तेव्हा खटका फिरव, मी आतून ओळखून सांगतो, तू मनात धर.

पाऊण तास चाललं. लाइन बदलली की मला तत्काळ कळत होतं. जुनीवर बाई पदर तोंडाला लावून गातात, नवीवर मोकळ्या होतात. कधीकधी ती पाठोपाठ दोनदा फिरवायची, मला फसवायला, तेही मी पकडलं. बाहेर येऊन विचारलं, "किती बरोबर?" नीला म्हणाली, "सगळी."

मायाक्कावहिनींना सांग, सगळ्यांच्याच जिभा मोडनिंबच्या नसतात.

त्या मैत्रिणीचा परत फोन आला होता म्हणे. मी म्हटलं, गौरी तरी होऊन जाऊ दे, आत्ताच काय घाई आहे. नीला "बरं" म्हणाली. तिचं "बरं" फार स्वच्छ असतं, त्यात काहीच ऐकू येत नाही.

आण्णांनी जेवण कमी केलं आहे. बाकी ठीक.

तुझा,
महेश्वर


सोलापूर,
४ सप्टेंबर

ती. वन्संना,
नीलाचा सा. नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत नाही, आश्चर्य वाटेल. यांनी तुम्हाला परीक्षेचं कळवलं असेल, म्हणून लिहिते.

मी खटका फिरवला नाही. हे आत जाऊन बसले, मी हात वर केला, तेवढ्यात आण्णांची बेल. गेले. त्यांची चादर बदलायची होती, अंग पुसायचं होतं, वेळ लागला. यांचा आवाज आण्णांच्या खोलीपर्यंत येत होता. "आता नवी... ही जुनी... पुन्हा नवी, अहाहा." आण्णांनी विचारलं, "कुणाशी बोलतोय?" मी म्हटलं, "लाइनशी." ते म्हणाले, "बोलू दे. माणसाशी न्हाय तर न्हाय."

परत आले तरी चालूच होतं. खटका आधीपासून खाली, म्हणजे जुनीवरच होता. मी पॅसेजमध्ये स्टुलावर बसले. इतक्या दिवसांत तेवढीच बसले. बाहेर येऊन विचारलं तर "सगळी बरोबर" म्हटलं. खरं सांगितलं असतं तर पुन्हा घ्यायला लावली असती.

घूं कशाने गेला ते मला माहीत आहे. यांच्या खोलीतली बेलची डबी त्या स्पीकरच्या अगदी मागे होती. अतीकने विचारलं होतं, "काका, ही बेल ठेवू का काढू?" हे म्हणाले, "काढ." मी चहा घेऊन दारातच होते. डबी काढल्याबरोबर घूं बंद झाला, नवी लाइन त्याच्यानंतर जोडली. अतीकच्या लक्षात आलं नाही, यांनी स्वतःच्या लक्षात येऊ दिलं नाही. आता आण्णांची बेल फक्त स्वयंपाकघरात वाजते. मी पाणी भरायला गच्चीवर गेले की ती वाजते आणि ऐकायला कोणी नसतं.

वन्सं, मी तक्रार करत नाही. आण्णांचं करायला मला कमीपणा नाही. पण मी शिवणाचे वर्ग घेत होते तेव्हा बायका मला लांबून शिलाई दाखवायला यायच्या. काजं बघून मी सांगायचे मशीन कोणतं. ते हात आता फक्त पिळायला लागतात. मैत्रीण पंधरा तारखेपर्यंत थांबते म्हणाली, त्यानंतर दुसरी घेईल. मी तिला येते म्हणून कळवलं आहे. यांना अजून सांगितलं नाही. सांगायला दार उघडं सापडत नाही.

माझं चुकतंय का, एवढं लिहा.

आपली,
नीला


मोडनिंब,
९ सप्टेंबर

चि. नीला हिस आशीर्वाद.

चुकत न्हाय. जा.

आण्णाला हिकडं आणू का, असं मनात आलं हुतं. आणंन बी, दिवाळीनंतर. आत्ता आणलं तर महेश्वर म्हणंल सुटलो, आन् मीठ-कोळसा घालून आणखी आत बसंल. त्याला काय वंगाळ म्हणत न्हाय मी. माझा भाऊ हाय. पण त्याला वाटतं कोंडून त्यालाच घातलंय, आन् कडी तर आतनं हाय.

परीक्षेचं मी त्याला सांगणार न्हाय. तू बी सांगू नको. पण बेल परत लावा, आन् तवर दार उघडं ठेवा, एवढं जाताना सांग. मोठ्यानं सांग, गाण्याच्या वर. न्हाय ऐकलं तर आण्णाचा घसा अजून शाबूत हाय.

पयल्या दिवशी डब्यात गोड काय तरी ने.

तुझी,
वन्सं


सोलापूर,
२९ सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. नमस्कार.

बरेच दिवस लिहिलं नाही. हात मोकळे नव्हते. हे कारण मी आयुष्यात प्रथमच देतो आहे आणि ते खरं आहे.

नीला पंधरा तारखेपासून चिंचोळीला जाते. आदल्या दिवशी सांगितलं. मी "बघू" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "बघून झालंय." सकाळी कारखान्याची गाडी कोपऱ्यावर येते. जाताना तिने औषधं दाखवली, डायपर कसा बांधायचा ते दाखवलं, आणि म्हणाली, "बेल परत लावून घ्या. तोवर दार उघडं ठेवा."

अतीकला फोन करायचा होताच. दारही ठेवलं उघडं, पहिले काही दिवस. पण उघड्या दाराने ऐकणं म्हणजे उघड्यावर आंघोळ करणं. परवाच्या गुरुवारी आण्णा जेवून झोपले होते. मी दार लोटलं. फक्त एक बाजू ऐकायची, असं ठरवून.

त्यात पाणी आलं. मला कळलं नाही. आरोळी द्यायला घरात कोणी नव्हतं, आणि दिवे पिवळे पडले तरी माझे डोळे मिटलेले, माझी लाइन वेगळी आहे या भरवशावर. सबंध ओळीने पाणी भरून घेतलं आणि पाणी गेलं. आमची टाकी कोरडी. आण्णा कधी उठले, बेल किती वाजवली, ते स्वयंपाकघराला माहीत. बेल वाजवून झाल्यावर त्यांनी हाका मारल्या. मग ते स्वतः उठायला गेले.

पडले नाहीत. पलंगाच्या कडेला अडकून राहिले, एक पाय खाली, सगळं भरलेलं. मला कशाने कळलं, तर खोलीचं दार कोणीतरी हाताने थापटलं म्हणून. शेजारच्या रशीदाभाभी, पीरसाबच्या घरच्या. मागच्या दाराने आल्या होत्या. म्हणाल्या, "महेश्वरभाई, आण्णा केव्हाचे बोलावतायत. तुम्हाला आवाज आला न्हाई का?"

"नाही."

"मला तर भिंतीपलीकडं आला."

इतकंच म्हणाल्या. आण्णांना धरून वर घ्यायला हात लावला. मी नळ सोडला तर नळ हवा सोडत होता. त्यांनी नळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. घरी गेल्या आणि त्यांनी नुकत्याच भरलेल्या पाण्यातल्या दोन घागरी आणून मोरीत ठेवल्या. "पोरगं न्हाई घरात, न्हाईतर अजून दिल्या असत्या," म्हणाल्या. तीस वर्षं कचेरीत बसून मी लोकांना हक्काचे फॉर्म भरून दिले, अक्का, पण त्या दोन घागरी घेताना कुठे सही करावी ते मला कळेना.

आण्णांना मी धुतलं. पहिल्यांदाच. माणसाचं अंग इतकं हलकं असतं याचा अंदाज नव्हता. ते तोंड भिंतीकडे करून होते. म्हणाले, "नीला कुटं हाय?"

"कामावर."

"कवा येती?"

"सहाला गाडी सुटते. पावणेसातपर्यंत."

"रोज?"

"रोज."

मग म्हणाले, "तुझा हात गार हाय." आणि जरा वेळाने, "बरं. मग तूच."

तेव्हापासून मीच आहे.

दुसऱ्या दिवशी अतीक आला. बेलची डबी परत माझ्या खोलीत, डाव्या स्पीकरमागे, कारण भिंतीत वायर तिथेच होती. लावल्याबरोबर घूं सुरू झाला. अतीकने कान दिला. "काका, हा परत आला की. लाइनचा फायदा काय मग?" मी म्हटलं, बेल नव्या लाइनवरच जोड. तो म्हणाला, "तुमीच म्हणलाय न्हवं, मोबाइलपण लावायचा न्हाई." मी म्हटलं, जोड. तेव्हा तुला माझं अंतिम मत कळवतो की वेगळ्या लाइनीने आवाजात फार फरक पडतो. पाण्याच्या वेळी सगळ्या ओळीचे दिवे मंदावतात, पण आण्णांची बेल पूर्ण ताकदीने वाजते. इतकी स्वच्छ बेल सोलापुरात कोणाकडे नसेल. ग्रुपवर हे लिहिलेलं नाही.

पॅसेजमधला खटका पाहिला. खालीच आहे. त्याच्यावर धूळ आहे. कधीपासून खाली आहे ते मी नीलाला विचारलं नाही. नारळ आणू नकोस.

नीला संध्याकाळी येते तेव्हा तिच्या केसांत निळ्या-पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे असतात. पाय सुजतात, पण बोलते. कोणाची कॉलर वाकडी, कोणाचं काज मोठं, हसत सांगते. परवा माझ्या शर्टाची कॉलर चिमटीत धरून बघितली आणि म्हणाली, "रिजेक्ट." मग स्वतःच चहा ठेवायला निघाली. मी म्हटलं, ठेवला आहे. तिने पातेल्यावरचं झाकण उचलून खात्री करून घेतली.

दिवसभर काय करतो विचारशील. आण्णांच्या खोलीत खुर्ची टाकली आहे, तिच्यात बसतो. खिडकीतून अंगणातला बुजवलेला खड्डा दिसतो. ते झोपले की मी पेपर वाचतो, पान उलटताना आवाज झाला की ते उठतात. जिना, गेट, कोपरा, यापलीकडे मी गेलो त्याला किती दिवस झाले आठवत नाही. नीलाने हे किती केलं असेल याचा हिशोब करायला बसलो होतो, बेल वाजली, राहिला. वाजली म्हणजे मी समोर बसलेलो असतानाच आण्णांनी दाबली. म्हणे चालते का बघत होतो.

तू दिवाळीनंतर त्यांना नेणार असं नीलाकडून कळलं. ने. पण आण्णांना विचारून ने. मला विचारलंस तर मी काय म्हणेन याचा मलाच भरवसा नाही.

आज पाणी आलं. दुपारी, आण्णांचं जेवण चाललं असताना. घास खाली ठेवला, आरोळी द्यायला कोणी नव्हतं म्हणून मीच दिली, कोणाला ते माहीत नाही. आण्णा म्हणाले, "वरडतोस कशाला, बंद कर की." फ्रिज, पंखे, सगळं बंद केलं, मोटर लावली, दोनदा गच्चीवर जाऊन टाकी पाहिली. भरली. मग रशीदाभाभींच्या दोन्ही घागरी घासल्या. त्या आमच्या मोरीतच राहिल्या होत्या, आणि रिकामं भांडं परत करू नये म्हणतात. त्यांच्याकडेही पाणी आलंच होतं, त्यांना गरज नव्हती. तरी काठोकाठ भरल्या, एकेक करून नेल्या, त्यांच्या ओट्यावर ठेवून वर ताटल्या झाकल्या, आणि दार न वाजवता परत आलो.

तुझा,
महेश्वर